काल्यावाया वैद्यांची वनस्पतिविद्या आणि तिची भाषा

१

बोलिव्हियात तितिकाका सरोवराच्या पूर्वेस, अपोलोबाम्बा पर्वतराजीच्या उतारांवर, काल्यावाया नावाच्या फिरत्या वैद्यांची गावे आहेत. ह्या वैद्याच्या झोळीत खोकल्यावरचा पाला असतो, पोटदुखीवरची मुळी असते. आणि त्याच झोळीत लामा ह्या प्राण्याची चरबी, रंगीत लोकर, शिंपले, ऊद व कोकाची पाने असतात. पहिल्या वस्तू पाहून परका अभ्यासक त्याला वनौषधींचा जाणकार म्हणतो आणि दुसऱ्या पाहून मांत्रिक म्हणतो. वैद्य मात्र एकच, झोळी एकच, आणि पुष्कळदा रोगीही एकच. ह्या एकाच व्यवहाराचे 'वैद्यक' आणि 'जादू' असे दोन भाग कोणी पाडले, ते त्या वैद्यांच्या स्वतःच्या भाषेत पडतात काय, आणि पडत नसल्यास अभ्यासकाने आपली नोंद कोणत्या शब्दांत करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. नोंदवहीत ज्या वस्तूला रकाना असतो ती वस्तू टिकते. जिला रकाना नसतो ती वगळली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या यादीत पाल्याचे नाव राहते आणि तो देताना उच्चारलेले शब्द गळतात. मानवशास्त्रज्ञाच्या वर्णनात विधी राहतो आणि त्यातील पाला 'कसलीशी सुगंधी वनस्पती' एवढ्यावर उरतो. दोन्ही नोंदी प्रामाणिक असूनही दोहोंतून मूळ विद्या निसटलेली असते.

२

काल्यावायांचा प्रदेश ला पास विभागातील बाउतिस्ता साआवेद्रा ह्या प्रांतात येतो. चारासानी हे तेथील मुख्य गाव. कुर्वा, चाखाया व काआता ही इतर प्रसिद्ध गावे. भूरचना अशी की, एकाच पर्वताच्या उतारावर हवामानाचे निरनिराळे पट्टे लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरच्या वर लामा व अल्पाका चारण्याची गवताळ पठारे आहेत. त्यांच्या खाली बटाटा व ओका ह्या कंदांची शेते, आणि त्याहून खाली मका. पूर्वेकडे आणखी उतरत गेल्यास ॲमेझॉनच्या खोऱ्याकडील दमट अरण्य सुरू होते. थोड्या दिवसांच्या पायपिटीत इतक्या भिन्न वनश्रींमधून जाणारा माणूस वनस्पतींचा जाणकार झाला तर नवल नाही. युनेस्कोने २००३ साली काल्यावायांच्या विश्वदृष्टीला मानवजातीच्या अमूर्त वारशाची एक श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि २००८ साली तिचा समावेश आपल्या प्रातिनिधिक सूचीत केला. त्या प्रसंगी त्यांच्या औषधिसंग्रहातील वनस्पतींची संख्या सुमारे ९८० सांगण्यात आली.

ही विद्या ह्या प्रदेशात किती जुनी असावी, ह्याचा एक पुरावा निन्योकोरिन येथील थडग्यात मिळाला. स्वीडिश अभ्यासक हेन्री वासेन ह्यांनी १९७२ साली त्यातील वस्तूंचे वर्णन प्रसिद्ध केले. नस्य ओढण्याच्या लाकडी तबकड्या, नळ्या, बस्ती देण्याची साधने आणि गुआयुसा ह्या वनस्पतीच्या पानांच्या जुड्या त्यात होत्या. हे थडगे तियावानाकू संस्कृतीशी संबंधित, म्हणजे इंका साम्राज्याच्या कित्येक शतके आधीचे आहे. गुआयुसा ही ॲमेझॉनच्या खोऱ्याकडील वनस्पती. ती डोंगरातील थडग्यात सापडावी, ह्यावरून औषधी द्रव्यांची दूरवरची ने-आण त्या काळीही होत होती हे दिसते. अर्थात त्या थडग्यातील पुरुष कोणती भाषा बोलत होता, हे पानांवरून ठरविता येत नाही.

३

आता काही वनस्पतींकडे पाहू. मुन्या ही पुदिन्याच्या कुलातील, मिंथोस्टाकिस प्रजातीतील वनस्पती. तिचा काढा पोटफुगीवर व अपचनावर देतात. साठविलेल्या बटाट्यांना कीड लागू नये म्हणून तिच्या डहाळ्या त्यांच्या थरांत घालतात. विराविरा ह्या लवदार पानांच्या वनस्पतीचा काढा खोकल्यावर सर्व अँडीज प्रदेशात प्रसिद्ध आहे. 'विरा' म्हणजे क्वेचुआ भाषेत चरबी. द्विरुक्तीने हे नाव बनले आहे. चिल्का, म्हणजे बाक्कारिस प्रजातीतील झुडूप, ठणकणाऱ्या सांध्यांवर लेपासाठी वापरतात. येथवर सारे आपल्याकडील आजीबाईच्या बटव्यासारखेच वाटते.

परंतु कोकाच्या पानापाशी ही सोपी विभागणी अडखळते. हे पान राखेच्या क्षारयुक्त गोळीबरोबर गालात धरले असता भूक, थकवा व उंचीवरील विरळ हवेचा त्रास कमी जाणवतो. त्याचा काढा पोटदुखीवरही देतात. हेच पान वैद्य कापडावर टाकतो आणि ते कसे पडले ह्यावरून रोगाचे कारण वाचतो. निवडक तीन अखंड पाने एकत्र धरून त्यांवर फुंकर घालावयाची व ती पर्वतदेवतांना अर्पावयाची, हाही नित्याचा आचार आहे. औषध, निदानाचे साधन आणि नैवेद्य अशा तीन भूमिका एकच पान बजावते.

कोआ ह्या सुगंधी वनस्पतीचे उदाहरण भाषादृष्ट्या अधिक बोलके आहे. लामाच्या चरबीबरोबर ती निखाऱ्यावर जाळतात. बोलिव्हियात पृथ्वीमातेला, म्हणजे पाचामामेला, अर्पण करावयाच्या ह्या सबंध होमालाच आता 'कोआ' म्हणतात. वनस्पतीचे नाव विधीचे नाव झाले, इतकी ती दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेली आहेत.

वैद्य जो नैवेद्य मांडतो त्याच्या नावातही अशीच गुंतागुंत आहे. स्पॅनिशमध्ये 'मेसा' म्हणजे मेज आणि 'मिसा' म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी. क्वेचुआ व आयमारा ह्या भाषांत अ, इ आणि उ असे तीनच अर्थभेदक स्वर असल्यामुळे 'इ' आणि 'ए' ह्यांच्यातील भेद तेथे अर्थभेदक ठरत नाही. परिणामी हे दोन्ही शब्द एकरूप झाले. कापडावर चरबी, कापूस, फुले, ऊद व कोकाची पाने क्रमाने मांडणारा वैद्य मेज मांडतो की उपासना करतो, ह्या प्रश्नाचे उत्तर निव्वळ शब्दावरून देता येत नाही. आणि त्याला स्वतःला तो प्रश्न पडण्याचे कारणही नाही.

४

ह्या सर्वांच्या मुळाशी एक सुसंगत कल्पना आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जोसेफ बॅस्टिएन ह्यांनी काआता येथील अभ्यासात, १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ती स्पष्ट केली. काआता येथील लोक आपल्या पर्वताला मानवी देह समजतात. वरची कुरणे हे त्याचे मस्तक, मधली बटाट्याची शेते हे धड, आणि खालची मक्याची शेते हे पाय. पर्वताच्या अंगातून जसे पाणी वाहते तसे माणसाच्या अंगातून रक्त व चरबी वाहतात. रक्त जीवनाचे आणि चरबी शक्तीचे द्रव्य होय. प्रवाह मोकळा असेल तर आरोग्य. तो तुंबला, आटला किंवा भलतीकडे वळला की रोग.

ही कल्पना ध्यानात घेतली म्हणजे झोळीतील वस्तूंची संगती लागते. सारक काढा देहातील तुंबलेला प्रवाह मोकळा करतो. लेप साचलेले द्रव्य ओढून घेतो. आणि पर्वताला दिलेली लामाची चरबी व कोका त्या मोठ्या देहाचे पोषण करतात, कारण तो उपाशी राहिल्यास त्याच्या अंगाखांद्यावरील शेते व माणसेही क्षीण होतात. पाला आणि नैवेद्य हे दोन निरनिराळ्या विश्वासांचे अवशेष नसून एकाच शरीरशास्त्राचे दोन प्रयोग आहेत. हे शरीरशास्त्र आधुनिक वैद्यकाला मान्य होण्यासारखे नाही, हे खरे. पण ते विस्कळीत नाही, एवढे मान्य करावे लागते.

'मांचारिस्का' ह्या विकाराचे उदाहरण घ्यावे. क्वेचुआत 'मांचाय' म्हणजे भिणे. हा शब्द त्याचे कृदन्त रूप असून त्याचा अर्थ 'भ्यालेला' असा होतो. पडल्यामुळे, विजेमुळे किंवा अचानक झालेल्या आघातामुळे माणसाचा 'आनिमु' त्याच जागी राहून जातो अशी समजूत आहे. रोगी झुरतो, जेवत नाही, झोपत नाही. वैद्य त्या जागी कोकाचे अर्पण करतो, सुगंधी पाल्याचा धूर देतो आणि रोग्याचे नाव घेऊन आनिमुला परत बोलावतो. 'आनिमु' हा शब्द स्पॅनिश आहे, 'मांचारिस्का' क्वेचुआ आहे. विकाराच्या नावातच दोन संस्कृतींचा इतिहास उमटलेला आहे. येथे पाल्याचा गुण कोणता आणि हाकेचा कोणता, हे प्रयोगशाळेत वेगळे काढता येईल. उपचार घेणाऱ्याच्या अनुभवात मात्र ते वेगळे नसतात.

५

मग विभागणी आली कोठून? तिचा मोठा वाटा सोळाव्या व सतराव्या शतकांतील धर्मप्रसारकांच्या भाषांतराकडे जातो. दोमिंगो दे सांतो तोमास ह्यांचा क्वेचुआ शब्दकोश १५६० साली वायादोलिद येथे आणि दिएगो गोन्सालेस ओल्गिन ह्यांचा १६०८ साली लिमा येथे छापला गेला. हे कोश भाषाशास्त्राला अमूल्य आहेत. परंतु कोशकारांना क्वेचुआ शब्दासमोर एक स्पॅनिश शब्द ठेवावयाचा होता, आणि त्यांच्या स्पॅनिशमध्ये वैद्य व चेटक्या ही दोन वेगळी माणसे होती: एकाला परवाना मिळे, दुसऱ्यावर खटला भरला जाई. त्यामुळे कोणत्या देशी शब्दासमोर कोणता शब्द लिहिला जातो, ह्यावर पुढे खऱ्याखुऱ्या माणसांचे भवितव्य अवलंबून राहिले. १६२१ साली लिमा येथे प्रसिद्ध झालेल्या पाब्लो होसे दे आर्रियागा ह्यांच्या मूर्तिपूजानिर्मूलनावरील ग्रंथात अशा 'चेटक्यां'ना शोधून काढण्याच्या पद्धती सविस्तर दिल्या आहेत.

क्वेचुआतील 'हाम्पि' हा शब्द ह्या संदर्भात लक्षणीय आहे. त्याचा अर्थ औषध. 'हाम्पिक' म्हणजे बरे करणारा. ॲमेझॉनच्या काठच्या काही क्वेचुआ बोलींत मात्र ह्याच शब्दाचे रूप फुंकनळीच्या बाणाला लावावयाच्या विषासाठी वापरतात. शरीरात शिरून त्यात पालट घडविणारे द्रव्य, हा त्यातील समान आशय दिसतो. तो पालट बरा की वाईट हे द्रव्यावर नव्हे, तर मात्रेवर व देणाऱ्याच्या हेतूवर ठरते. असा शब्द ज्या भाषेत आहे तिच्यात 'औषध', 'विष' आणि 'करणी' ह्यांच्या सीमा कोशकाराच्या भाषेतील सीमांवर तंतोतंत बसणार नाहीत, हे उघड आहे.

६

काल्यावायांच्या बाबतीत ह्याला आणखी एक पदर आहे. घरी ते क्वेचुआ किंवा आयमारा बोलतात, बाजारात स्पॅनिशही बोलतात. परंतु औषधोपचाराच्या व विधीच्या प्रसंगी वैद्य आपसांत 'माचाख खुयाय' ह्या निराळ्या भाषेचा उपयोग करीत आले आहेत. ही भाषा बापाकडून मुलाला किंवा गुरूकडून शिष्याला मिळते. परंपरेने ती पुरुष वैद्यांपुरतीच राहिली. ती कोणाचीही मातृभाषा नाही.

तिची घडण भाषाशास्त्रज्ञांना फार काळ कोड्यात टाकणारी ठरली. तिचे प्रत्यय, म्हणजे विभक्ती, काळ व पुरुष दाखविणारी रूपे, क्वेचुआची आहेत. पण पुष्कळसे धातू आणि नामे पुकिना भाषेची आहेत. पुकिना ही एके काळी क्वेचुआ व आयमारा ह्यांच्या बरोबरीने पेरूच्या 'सामान्य भाषां'त गणली जात होती. आज ती लुप्त आहे. फादर हेरोनिमो दे ओरे ह्यांनी १६०७ साली नेपल्स येथे छापलेल्या प्रार्थनाग्रंथातील थोडे उतारे, एवढाच तिचा सलग लिखित आधार उरला आहे. म्हणून मृत भाषेचा शब्दसंग्रह जिवंत भाषेच्या व्याकरणात जपून ठेवणारी माचाख खुयाय ही एक दुर्मिळ घटना ठरते. १९६८ साली एन्रिके ओब्लितास पोब्लेते ह्यांनी तिला इंकांची गुप्त भाषा मानून तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. पुढे लुई जिरो ह्यांनी तिची पुष्कळ सामग्री गोळा केली आणि पीटर म्यूस्केन ह्यांनी तिच्या मिश्र घडणीचे विवेचन केले. इंकांशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. पुकिनाशी असलेले नाते मात्र शब्दांच्या तुलनेने ठरते.

मराठी वाचकाला येथे व्यापाऱ्यांच्या नंदभाषेची आठवण होईल. दोहोंत गुप्ततेचे प्रयोजन समान आहे. पण साम्य तेथेच थांबते. नंदभाषेत प्रामुख्याने संख्यावाचक शब्दांच्या जागी सांकेतिक शब्द येतात, आणि व्यवहार आटोपला की तिचे काम संपते. माचाख खुयायमधील शब्दांमागे एक संपूर्ण ऐतिहासिक भाषा उभी आहे. समाज क्वेचुआकडे वळला, पण वैद्यांच्या घराण्यांनी आपल्या विद्येचे शब्द सोडले नाहीत, अशी तिच्या उत्पत्तीची उपपत्ती संभवते. ती बरोबर असेल, तर ह्या भाषेला जिवंत ठेवणारी शक्ती वनस्पतिविद्या हीच होय.

७

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली सूचना अतिरेकी कौतुकाविरुद्ध आहे. सिंकोनाच्या सालीचे ज्ञान जगाला काल्यावायांनी दिले, असे विधान लोकप्रिय लेखनात आढळते. युरोपात प्रथम प्रसिद्धीस आलेली साल मात्र आजच्या एक्वादोरमधील लोखा परिसरातील होती. चिंचोनच्या काउंटेसचा ताप ह्या सालीने गेला ही कथाही इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. लिनेयसने १७४२ साली तिच्याच नावावरून प्रजातीचे नाव ठेवले, म्हणून ती कथा वनस्पतिशास्त्रात अमर झाली. पेलतिए व काव्हाँतू ह्यांनी १८२० साली त्या सालीतून मुख्य द्रव्य वेगळे केले, आणि तेच पुढे 'कोयनेल' ह्या नावाने मराठीत घरोघरी पोहोचले. १८६५ साली बोलिव्हियातील उत्तम सिंकोनाचे बी चार्ल्स लेजर ह्या इंग्रज व्यापाऱ्याच्या हाती पडले. ते गोळा केले होते मान्वेल इंक्रा मामानी ह्या आयमारा जाणकाराने. जावामधील डच मळे त्या बियांवर भरभराटीस आले, प्रजातीच्या त्या प्रकाराला लेजरचे नाव मिळाले, आणि मामानीला कैद व मारहाण भोगून मरण आले. कोणते झाड निवडावे हे ज्याला कळत होते त्याचे नाव झाडाला मिळाले नाही.

दुसरी सूचना उपचारांच्या परिणामकारकतेविषयी आहे. एखाद्या वनस्पतीला परंपरा आहे, एवढ्याने ती गुणकारी ठरत नाही. कित्येक वनस्पती विषारीही असतात. प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. परंतु तपासणीसाठी देखील आधी मूळ नोंद अचूक हवी. कोणता पाला, कोणत्या उंचीवरचा, कोणत्या नावाने, कोणत्या अवस्थेच्या रोग्याला आणि कशाबरोबर दिला, हे सारे वैद्याच्या शब्दांत साठविलेले असते. 'मंत्रतंत्र' म्हणून ते शब्द गाळले, तर रसायनशास्त्रज्ञाच्या हाती केवळ वाळलेले पान उरते.

८

ह्या विचाराला आज विशेष निकड आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानाने स्पॅनिशबरोबर ३६ देशी भाषांना अधिकृत दर्जा दिला; त्यांत माचाख खुयाय आहे आणि लुप्त झालेली पुकिनाही आहे. २०१३ साली परंपरागत वैद्यकाविषयी स्वतंत्र कायदाही झाला. परंतु कायद्याने भाषा बोलली जात नाही. वैद्यांच्या घराण्यांतील तरुण शहरांकडे जातात, इतर व्यवसाय पत्करतात, आणि गुप्ततेमुळे टिकलेली विद्या शिष्याअभावी त्याच गुप्ततेमुळे संपण्याचा धोका उत्पन्न होतो.

रोद्रिगो कामारा-लेरेत व जोर्दी बास्कोम्प्ते ह्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन व न्यू गिनी येथील २३६ भाषांशी निगडित असे वनस्पतींचे १२,४९५ औषधी उपयोग त्यांनी तपासले. वायव्य ॲमेझॉनमध्ये त्यांपैकी ९१ टक्के उपयोग एकेकाच भाषेच्या समाजाला ठाऊक असल्याचे दिसले. हा अभ्यास काल्यावायांविषयी नाही. पण त्याचा निष्कर्ष त्यांना लागू पडण्यासारखा आहे. वनस्पती शिल्लक राहूनही तिचा उपयोग नष्ट होऊ शकतो. त्यासाठी तिचे नाव जाणणारा शेवटचा माणूस जाणे पुरेसे असते.

वनस्पती आणि तिचा अर्थ ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटांनी प्रवास करतात, ह्याचा दाखला मराठी घरातही आहे. मिरचीच्या प्रजातीचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज प्रदेशात मानले जाते. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तिला नाव मिळाले ते येथल्याच मिरीवरून. आणि काही शतकांत मीठमोहरीबरोबर ती दृष्ट काढण्याच्या विधीतही स्थिरावली. मूल ओवाळून मिरच्या निखाऱ्यावर टाकणाऱ्या आजीला आपण दक्षिण अमेरिकेची वनस्पती वापरीत आहोत ह्याची कल्पना नसते, आणि असण्याची आवश्यकताही नसते. झाड परके, पण त्याला कार्य नेमून देणारे शब्द घरचे. काल्यावाया वैद्याच्या झोळीकडेही ह्याच दृष्टीने पाहावयास हवे. त्या झोळीतील पाल्याची शास्त्रीय नावे आज बहुतांशी उपलब्ध आहेत. तो पाला का, केव्हा व कोणासाठी काढावयाचा हे सांगणाऱ्या शब्दांची नोंद, ते शब्द बोलणारे असेतोवर, 'जादू' हा रकाना न आखता झाली पाहिजे.